कुवेतची संसद: प्रश्न विचारणारी, पण सरकार न बनवणारी

आजच्या भागात आपण आखातातल्या एका छोट्या अरब राजेशाहीबद्दल बोलणार आहोत. देशाचे नाव कुवेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरातला, गल्लीतला किंवा गावातला कोणी ना कोणी तिथे नोकरीला असतो. म्हणून कुवेत म्हटले की आपल्याला दिनार, तेल आणि १९९० चे इराकी आक्रमण आठवते. पण कुवेतची आणखी एक ओळख आहे. संपूर्ण आखातात खऱ्या अर्थाने बोलणारी, भांडणारी आणि मंत्र्यांना घाम फोडणारी संसद फक्त याच देशात होती.

‘होती’ असे म्हणावे लागते, कारण १० मे २०२४ रोजी कुवेतचे अमीर शेख मिशाल अल-अहमद अल-सबाह यांनी टीव्हीवरून भाषण करून संसद बरखास्त केली आणि राज्यघटनेतली काही कलमे जास्तीत जास्त चार वर्षांसाठी स्थगित केली. या संसदेची निवडणूक ४ एप्रिल २०२४ रोजी झाली होती. पहिली बैठक १४ मे रोजी व्हायची होती. म्हणजे निवडून आलेले ५० सदस्य एकदाही सभागृहात बसले नाहीत.

असे का झाले? चूक राजाची की संसदेची? आणि तिथे राहणाऱ्या सुमारे दहा लाख भारतीयांना याचे काय? हे आपण क्रमाने पाहू.

देश लहान, बैठकीची सवय जुनी

कुवेतचे क्षेत्रफळ साधारण १७,८०० चौरस किलोमीटर आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडेसे जास्त. लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास, पण त्यात कुवेती नागरिक फक्त १५ लाखांच्या घरात. बाकी सगळे बाहेरून आलेले कामगार आणि त्यांची कुटुंबे. एका बाजूला इराक, दुसऱ्या बाजूला सौदी अरेबिया आणि पाण्यापलीकडे इराण. तीन मोठ्या शेजाऱ्यांच्या मध्ये हा छोटा देश उभा आहे. त्याच्या राजकारणातला प्रत्येक निर्णय या भूगोलाच्या सावलीत घेतला जातो.

अल-सबाह घराणे तिथे अठराव्या शतकापासून राज्य करते. तेल सापडण्यापूर्वी कुवेत हे व्यापाऱ्यांचे आणि मोती काढणाऱ्यांचे बंदर होते. त्यांची गलबते खजूर आणि मोती घेऊन मुंबईला येत आणि इथून लाकूड, कापड, धान्य घेऊन जात. १८९९ मध्ये शेख मुबारक यांनी इंग्रजांशी करार केला. आखातातला इंग्रजांचा कारभार तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारमार्फत चाले. १९६१ पर्यंत कुवेतच्या बाजारात चलन म्हणून रुपयाच वापरला जाई.

त्या काळात राज्यकर्त्याच्या तिजोरीत पैसा व्यापाऱ्यांच्या करातून येत असे. त्यामुळे शेखाला व्यापाऱ्यांचे ऐकावे लागे. व्यापारी आपसात बोलत ते ‘दिवानिया’मध्ये. आपल्या ‘दिवाणखाना’ या शब्दातला ‘दिवाण’ आणि हा शब्द एकाच कुळातले. दिवानिया म्हणजे घराला लागून असलेली पुरुषांची बैठकीची खोली. संध्याकाळी लोक जमतात, चहा-कॉफी होते आणि राजकारणासह सर्व विषयांवर चर्चा होते. आजही कुवेतमध्ये निवडणुकीचा प्रचार, मंत्र्यावरची टीका आणि लग्नाची बोलणी, सगळे दिवानियातच सुरू होते.

१९३८ मध्ये व्यापाऱ्यांनी एक निवडलेली विधान परिषद स्थापन करून घेतली. तिने शेखाच्या तेलाच्या उत्पन्नावर हक्क सांगायला सुरुवात करताच सहा महिन्यांत ती बंद झाली. परिषद संपली, पण राज्यकारभारात आपल्यालाही विचारले गेले पाहिजे ही भावना लोकांच्या मनात राहिली.

१९६२ ची राज्यघटना

१९ जून १९६१ रोजी कुवेत स्वतंत्र झाला. सहाच दिवसांत इराकचे नेते अब्दुल करीम कासिम यांनी जाहीर केले की कुवेत हा इराकचा भाग आहे. इंग्रजांनी पुन्हा फौज उतरवली आणि संकट टळले. पण सबाह घराण्याच्या लक्षात एक गोष्ट आली. इतक्या छोट्या देशाचे रक्षण फक्त परकी फौजेच्या भरवशावर होत नाही. आपलीच प्रजा आपल्या पाठीशी आहे, हे जगाला दिसले पाहिजे.

यातूनच ११ नोव्हेंबर १९६२ ची राज्यघटना आली. अमीर अब्दुल्ला अल-सालेम यांनी ती मंजूर केली. तिच्या चौथ्या कलमानुसार राज्य मुबारक यांच्या वंशातच राहील. सहाव्या कलमानुसार राज्यपद्धती लोकशाहीची असेल आणि सार्वभौमत्व जनतेचे असेल. या दोन कलमांमध्ये फक्त एका कलमाचे अंतर आहे, पण गेली साठ वर्षे कुवेतचे सगळे राजकारण या दोन वाक्यांमधल्या ओढाताणीवर चालले आहे.

जानेवारी १९६३ मध्ये पहिली संसद निवडून आली. तिचे अरबी नाव ‘मजलिस अल-उम्मा’. तिची रचना थोडी समजून घ्यावी लागेल, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच निर्माण झाला.

संसदेकडे काय होते, काय नव्हते

आधी काय होते ते पाहू. ५० निवडलेले सदस्य. कोणताही सदस्य कोणत्याही मंत्र्याला, अगदी पंतप्रधानालाही, सभागृहात उभे करून जाब विचारू शकत असे. याला तिथे ‘इस्तिजवाब’ म्हणतात. मंत्र्यावर अविश्वासाचा ठराव आणता येई आणि त्या मतदानात मंत्र्यांना मत नसे. कायदा संसदेच्या मंजुरीशिवाय होत नसे. युवराजाच्या नावालाही संसदेच्या बहुमताची मान्यता लागे. शेजारच्या एकाही राजेशाहीत इतके अधिकार कोणत्याही सभागृहाला नव्हते.

आता काय नव्हते. पंतप्रधान अमीर नेमतात आणि आजवर तो नेहमी सबाह घराण्यातलाच राहिला आहे. संसदेतल्या बहुमताशी त्याचा संबंध नाही. मंत्री सभागृहाबाहेरून येतात. निवडलेल्यांपैकी निदान एक तरी मंत्री असावा एवढीच अट. हे मंत्री, जास्तीत जास्त १६, मंत्री झाल्यामुळे आपोआप संसदेचे सदस्य होतात आणि कायद्यांवर मतदानही करतात. पंतप्रधानावर थेट अविश्वास आणता येत नाही. ‘आम्ही यांच्याबरोबर काम करू शकत नाही’ एवढेच संसद म्हणू शकते. मग पंतप्रधानाला काढायचे की संसदच बरखास्त करायची, हे अमीर ठरवतात.

राजकीय पक्षांना कायदेशीर मान्यता नाही. इस्लामी गट आहेत, उदारमतवादी आहेत, शिया गट आहेत, टोळ्यांचे गट आहेत, पण निवडणूक प्रत्येक जण स्वतःच्या नावावर लढतो. आणखी एक गोष्ट माझ्यासारख्या फौजी माणसाच्या नजरेत भरते. कुवेतमध्ये सैनिक आणि पोलीस यांना मतदानाचा हक्क नव्हता. आपला जवान सियाचीनला असला तरी टपाली मतदान करतो.

अधिकार एकाकडे, जबाबदारी दुसऱ्याकडे

सैन्यात एक साधा नियम शिकवला जातो. ज्याच्यावर जबाबदारी, त्याच्याकडेच अधिकार. या दोन गोष्टी वेगळ्या माणसांकडे दिल्या की तुकडी लढू शकत नाही. हुकूम देणारा परिणामांची चिंता करत नाही आणि परिणाम भोगणाऱ्याला हुकूम देता येत नाही.

कुवेतमध्ये नेमके हेच झाले. खासदाराकडे सरकारला अडवण्याचा भरपूर अधिकार होता, पण सरकार चालवण्याची जबाबदारी त्याच्यावर कधीच येणार नव्हती. कितीही निवडणुका जिंकल्या तरी विरोधक सत्तेवर येऊ शकत नव्हते. ज्याला उद्या अर्थमंत्री व्हायचे असते, तो आज अर्थसंकल्पावर तोलून बोलतो. ज्याला कधीच व्हायचे नाही, तो लोकांना खूश करणाऱ्या मागण्या करतो. सर्वांची कर्जे माफ करा, पगार वाढवा, भत्ते वाढवा. तेलाचा पैसा असल्यामुळे अशा मागण्यांना टाळ्याही मिळत.

सरकारची अडचण उलटी होती. देश चालवायची जबाबदारी त्याच्यावर, पण सभागृहात त्याचे बहुमत कधीच पक्के नसे. मग प्रत्येक कायद्यासाठी एकेका खासदाराला वळवायचे. कोणाच्या माणसाला परदेशी उपचारांची मंजुरी, कोणाच्या नातेवाइकाला नोकरी. मंत्र्याला जाब विचारण्याची नोटीस आली की मंत्री राजीनामा देई किंवा संपूर्ण मंत्रिमंडळ राजीनामा देई.

आपल्या राज्यघटनेत ७५ व्या कलमानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. बहुमत गेले की सरकार गेले आणि ज्याच्याकडे बहुमत त्याला सरकार बनवावे लागते. टीका करणाऱ्यालाही एक दिवस खुर्चीवर बसून उत्तर द्यावे लागते. आपण याला गृहीत धरतो. त्याची किंमत कुवेतकडे पाहिल्यावर कळते.

परिणाम आकड्यांत बघा. जून २००६ ते एप्रिल २०२४ या १८ वर्षांत कुवेतमध्ये संसदेच्या ११ निवडणुका झाल्या. संसदेची मुदत चार वर्षांची आहे, तरीही. यापैकी तीन संसदा घटनात्मक न्यायालयाने रद्द केल्या. त्याच काळात आपल्याकडे लोकसभेच्या तीन निवडणुका झाल्या आणि चौथी सुरू होत होती.

संसदेला आधीही दोनदा कुलूप

२०२४ चा निर्णय पहिला नाही. ऑगस्ट १९७६ मध्ये अमिरांनी संसद बरखास्त करून घटनेची काही कलमे स्थगित केली. लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले होते आणि कुवेतमध्ये सरकारवर कडक टीका चालू होती. आपल्याकडेही तेव्हा आणीबाणी होती हे विसरू नये. १९८१ मध्ये संसद परत आली. त्यापूर्वी सरकारने मतदारसंघ १० वरून २५ केले, म्हणजे लहान मतदारसंघात टोळी आणि नातेसंबंध यांचे वजन वाढेल. घटनादुरुस्तीचे प्रस्तावही आणले, पण ते संसदेत मंजूर होऊ शकले नाहीत.

दुसरे कुलूप जुलै १९८६ मध्ये लागले. बाहेर इराण-इराक युद्ध चालू होते. आत १९८२ च्या ‘सूक अल-मनाख’ या बेकायदा शेअर बाजाराच्या कोसळण्याची चौकशी खासदार करत होते. त्या बाजारात पुढच्या तारखांचे सुमारे ९४ अब्ज डॉलरचे चेक फिरत होते. चौकशी बड्या लोकांपर्यंत जाऊ लागली आणि संसद बंद झाली.

यानंतर जे झाले ते कुवेती लोक आजही विसरलेले नाहीत. १९८९-९० मध्ये संसद परत आणावी म्हणून दर सोमवारी दिवानियांमधून आंदोलन सुरू झाले. सरकारने त्याऐवजी अर्धवट अधिकारांची एक परिषद आणली. आणि २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनची फौज आत शिरली.

सद्दामला कुवेतमध्ये सबाह घराण्याविरुद्ध एक प्यादे सरकार उभे करायचे होते. राजाशी भांडणारे विरोधक आपल्या हाती लागतील असा त्याचा हिशेब होता. पण एकही प्रतिष्ठित कुवेती विरोधक त्याच्याबरोबर गेला नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाह शहरात निर्वासित कुवेती नेत्यांची परिषद झाली. विरोधकांनी राजघराण्यावर निष्ठा जाहीर केली आणि युवराजांनी १९६२ ची राज्यघटना परत लागू करण्याचे वचन दिले. फेब्रुवारी १९९१ मध्ये देश मुक्त झाला आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये निवडणूक झाली.

राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने यातला धडा मोठा आहे. टीकाकार म्हणजे देशद्रोही नव्हे. संकटाच्या वेळी राजाच्या मागे जे उभे राहिले, त्यांत त्याला रोज प्रश्न विचारणारेही होते. त्यांना हा देश आपला वाटत होता, कारण त्यात त्यांच्या मताला जागा होती.

संसदेने काय कमावले

जानेवारी २००६ मध्ये अमीर जाबिर यांचे निधन झाले. युवराज शेख साद अतिशय आजारी होते. घराण्यात एकमत होईना. अशा वेळी अनेक राजेशाह्यांमध्ये रात्रीतून काहीतरी होते आणि सकाळी लोकांना कळते. कुवेतमध्ये संसदेने घटनेप्रमाणे मतदान करून शेख साद यांना प्रकृतीच्या कारणावरून पदमुक्त केले आणि शेख सबाह अल-अहमद अमीर झाले. एक गोळी झाडली गेली नाही. निवडलेल्या संसदेने मतदानाने अमीर बदलावा, हे अरब जगात फारच दुर्मिळ आहे.

त्याच वर्षी तरुणांनी केशरी रंगाची चळवळ करून २५ मतदारसंघांचे ५ करायला लावले, म्हणजे मते विकत घेणे अवघड व्हावे. २०११ मध्ये खासदारांच्या खात्यांत मोठ्या रकमा जमा झाल्याचे प्रकरण बाहेर आले, निदर्शने झाली आणि पंतप्रधानांना जावे लागले. २०१९ मध्ये लष्कराच्या निधीतून सुमारे २४ कोटी दिनार गायब झाल्याचा आरोप खुद्द संरक्षणमंत्र्यांनी केला आणि सरकारने राजीनामा दिला. अशा बातम्या शेजारच्या देशांतून ऐकू येत नाहीत. तिथे भ्रष्टाचार नाही असे नाही. विचारणारे कोणी नाही.

संसदेने काय अडवले

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९९९ मध्ये अमिरांनी महिलांना मतदानाचा हक्क देणारा वटहुकूम काढला. तो लोकनियुक्त संसदेने फेटाळला. त्यानंतर आलेले विधेयकही ३२ विरुद्ध ३० मतांनी पडले. महिलांना हक्क मिळायला १६ मे २००५ उजाडावे लागले, तेव्हा ३५ विरुद्ध २३ मतांनी कायदा झाला. २००९ मध्ये चार महिला निवडून आल्या.

२००८ मध्ये सरकारने अमेरिकेच्या डाऊ केमिकल कंपनीबरोबर १७.४ अब्ज डॉलरचा संयुक्त प्रकल्प ठरवला होता. खासदारांच्या दबावामुळे तो शेवटच्या क्षणी रद्द केला. लवादाने कुवेतला दंड केला आणि २०१३ मध्ये सुमारे २.२ अब्ज डॉलर भरावे लागले. सरकारला बाजारातून कर्ज घेण्याची परवानगी देणारा कायदा २०१७ मध्ये संपला, पण पुढची संसद तो नव्याने मंजूर करीना. या काळात दुबई, दोहा आणि रियाध कुठल्या कुठे गेले. कुवेतचा सामान्य माणूस ते पाहत होता. म्हणून मे २०२४ मध्ये संसद बंद झाली तेव्हा रस्त्यावर मोठा उद्रेक झाला नाही. बऱ्याच लोकांना रोजच्या भांडणाचा कंटाळा आला होता.

शिवाय २०१२ च्या वटहुकुमाने प्रत्येक मतदाराची चार मते कमी करून एक केली होती. एका मतदारसंघातून दहा जण निवडायचे आणि मत फक्त एक. एकाच विचाराचे उमेदवार एकमेकांशीच लढू लागले. गट फुटले आणि संसद आणखी विस्कळीत झाली. म्हणजे ज्या गोंधळाकडे बोट दाखवून संसद बंद झाली, त्यातला काही भाग नियमांनीच तयार केलेला होता.

वटहुकुमाचा काळ

संसद बंद झाल्यापासून कायदे वटहुकुमाने होतात. ते वेगाने होतात हे मान्य करावे लागेल. मार्च २०२५ मध्ये कर्जाचा कायदा आला, जो सात वर्षे अडकला होता. पत्नी, मुलगी, बहीण किंवा आई यांच्या तथाकथित ‘इभ्रती’साठी केलेल्या खुनाला नाममात्र शिक्षा देणारे १५३ वे कलम रद्द झाले. यासाठी कुवेती महिला कार्यकर्त्या अनेक वर्षे झगडत होत्या आणि एकाही संसदेने ते केले नव्हते. लग्नाचे किमान वय १८ झाले. हे बदल चांगलेच आहेत.

पण त्याच लेखणीने दुसरेही काम झाले. २०२४ पासून हजारो लोकांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. त्यांत कुवेती पुरुषांशी लग्न करून नागरिक झालेल्या, कित्येक दशके तिथे संसार केलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. नागरिकत्व गेले की सरकारी नोकरी, निवृत्तिवेतन, बँक खाते, सगळ्यावर परिणाम होतो. नागरिकत्वाच्या निर्णयाविरुद्ध तिथल्या न्यायालयात दाद मिळणे जवळजवळ अशक्य असते. पूर्वी काय होत होते? २०१४ मध्ये काही विरोधकांचे नागरिकत्व काढले गेले तेव्हा खासदारांनी हा विषय लावून धरला आणि २०१७ मध्ये काहींचे नागरिकत्व परत मिळवून दिले. आज ज्या बाईचे नागरिकत्व गेले, तिच्या वतीने उभा राहणारा खासदार नाही.

जून २०२४ मध्ये नवे युवराज म्हणून शेख सबाह अल-खालिद यांची निवड झाली. घटनेप्रमाणे यासाठी संसदेची मान्यता लागते. संसदच नसल्यामुळे तो टप्पा आलाच नाही.

घटनेचे १८१ वे कलम सांगते की लष्करी कायदा लागू असल्याशिवाय राज्यघटनेतले कोणतेही कलम स्थगित करता येत नाही, आणि तेव्हाही संसदेच्या बैठका थांबवता येत नाहीत. संसद बरखास्त केली तर दोन महिन्यांत निवडणूक घ्यावी असे १०७ वे कलम सांगते. म्हणजे आज जे चालू आहे ते घटनेच्या मजकुराबाहेरचे आहे. चांगला वटहुकूम उद्या दुसऱ्या वटहुकुमाने बदलता येतो, हा यातला खरा धोका आहे.

शेजाऱ्यांचा रोख

आखातातला प्रवाहही सध्या याच दिशेने आहे. कतारने २ ऑक्टोबर २०२१ रोजी शूरा परिषदेच्या ४५ पैकी ३० जागांसाठी पहिली निवडणूक घेतली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सार्वमत घेऊन ती पद्धतच बंद केली. सौदी अरेबियात निवडलेली संसद नाही. बहरीनमध्ये २००२ पासून निवडलेले सभागृह आहे, पण त्याच्या बरोबरीने राजाने नेमलेले तेवढेच मोठे दुसरे सभागृह आहे. कुवेतचे बोलके सभागृह शेजाऱ्यांना कधीच फारसे आवडले नव्हते.

भारतीयांचा संबंध काय?

कुवेतमध्ये सुमारे दहा लाख भारतीय आहेत. परदेशी लोकांत ते सर्वांत मोठे. १९९० मध्ये इराकी आक्रमणानंतर कुवेत आणि इराकमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले होते. डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी कुवेतला गेले. १९८१ मध्ये इंदिरा गांधी गेल्या होत्या, त्यानंतर ४३ वर्षांनी भारताचा पंतप्रधान तिथे गेला.

आपल्या माणसांना तिथे मत नाही, पण संसदेचा परिणाम त्यांच्यावरही होत होता आणि तो दोन्ही बाजूंनी होता. घरकाम करणाऱ्या बायका, स्वयंपाकी, ड्रायव्हर यांना आठवड्याची सुट्टी आणि कामाच्या तासांची मर्यादा देणारा २०१५ चा कायदा याच संसदेने केला. पण २०२० मध्ये भारतीयांची संख्या लोकसंख्येच्या १५ टक्क्यांपर्यंत आणावी असा प्रस्तावही याच संसदेत आला होता. तेव्हा लाखो भारतीयांना परतावे लागेल अशी चर्चा होती. प्रत्यक्षात तसे झाले नाही. कुवेती मतदाराला परदेशी कामगारांविरुद्ध बोलणारा खासदार आवडतो, हे सत्य आहे.

१२ जून २०२४ रोजी मंगाफ इथल्या कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीयांचा मृत्यू झाला. एका इमारतीत इतके लोक कसे कोंबले, परवानगी कोणी दिली, हे प्रश्न अशा वेळी विचारायचे असतात. कारवाई झाली, पण मंत्र्याला सर्वांसमोर उभे करून जाब विचारणारे सभागृह महिनाभरापूर्वीच बंद झाले होते.

भारत सरकारने कुवेतला लोकशाहीचे धडे देण्याची गरज नाही आणि ते शहाणपणाचेही नाही. त्यांचा कारभार त्यांनी ठरवायचा. पण वटहुकुमाच्या काळात निवास, व्हिसा आणि नोकरीचे नियम एका रात्रीत बदलू शकतात. म्हणून आपल्या दूतावासाने तिथल्या राजपत्रावर बारीक लक्ष ठेवावे आणि नियम बदलताच भारतीय भाषांतून कामगारांपर्यंत पोहोचवावेत. ज्यांच्या घरचे कोणी तिथे आहे, त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. नोकरीच्या कराराची प्रत घरी ठेवावी, आणि निवास परवान्याची तारीख उलटून जाणार नाही याकडे लक्ष द्यावे.

पुढे काय पाहायचे?

चार वर्षांची मुदत मे २०२८ मध्ये संपते. तोपर्यंत तीन गोष्टींवर नजर ठेवा.

पहिली, निवडणुकीची तारीख जाहीर होते का. १९७६ आणि १९८६ नंतर संसद परत आली, पण दोन्ही वेळा पाच-सहा वर्षे लागली.

दुसरी, घटना बदलली तर कोणत्या मार्गाने. घटनेप्रमाणे बदलासाठी अमीर आणि संसदेचे दोन तृतीयांश बहुमत, दोन्ही लागतात. १७५ व्या कलमानुसार स्वातंत्र्य आणि समतेच्या तत्त्वांत बदल करायचा तर तो फक्त हक्क वाढवण्यासाठीच करता येतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, परत येणाऱ्या संसदेला सरकार बनवण्यात वाटा मिळतो का. पक्षांना मान्यता, संसदेतल्या बहुमतातून मंत्री आणि कधीतरी घराण्याबाहेरचा पंतप्रधान, हा सुधारणेचा खरा रस्ता आहे. त्याउलट जाब विचारण्याचा अधिकारच कापून संसद परत आणली, तर सभागृह शांत होईल, पण १९९० मध्ये जी एकजूट दिसली ती उभी करण्याचे साधन देशाकडे राहणार नाही. इराक, इराण आणि सौदी अरेबियाच्या मध्ये राहणाऱ्या देशाला ते परवडणारे नाही.

कुवेतच्या संसदेत गोंधळ होता हे खरे. पण त्या गोंधळाला जबाबदारीची जोड देण्याचा प्रयोग अजून एकदाही झालेला नाही. तो करायचा की नाही, हे अमिरांना आणि कुवेती जनतेला २०२८ पर्यंत ठरवायचे आहे.

तुमच्या घरचे किंवा ओळखीचे कोणी कुवेतमध्ये असेल, तर संसद बंद झाल्यावर त्यांना रोजच्या आयुष्यात काय फरक जाणवला हे जरूर विचारा.